अपघात दुर्मीळ होता, हे कशावरून?

९ एप्रिल २०२१, शुक्रवार. नागपूरच्या पश्चिम अंगाला, अमरावती रोडवरच्या वाडीत, रात्री आठच्या सुमारास एका खासगी कोविड रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आग लागली. सुरुवात अतिदक्षता विभागातल्या एसीतून झाली. चार रुग्ण दगावले, सत्तावीस जणांना बाहेर काढून इतर रुग्णालयांत हलवावे लागले. त्यानंतर जे बोलले गेले ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. शॉर्टसर्किट झाले, यंत्राचा काय भरवसा, राज्यभर हजारो एसी रात्रंदिवस चालतात, त्यातला एखादा पेटतोच. फार दुर्मीळ योग, तो नेमका इथे जुळून आला.

हे शब्द निव्वळ सांत्वनाचे असते तर त्यांना हात लावायची गरज नव्हती. पण त्यांच्या मागे एक सबंध विचारपद्धती उभी आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात ती शिकवली जाते, सुरक्षा अहवालांत वापरली जाते आणि चौकशी समित्याही बहुतेक वेळा तिच्याच चौकटीत विचार करतात. खंडन करायचे ते या पद्धतीचे, म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

कोणतेही यंत्र शंभर टक्के निर्धोक नसते. परंतु प्रत्येक सुट्या भागाच्या बिघाडाची नोंद ठेवता येते आणि तीवरून बिघाडाचा दर काढता येतो. कोणता भाग बंद पडला म्हणजे पुढे काय कोसळते याचा दोषवृक्ष मांडायचा, त्याच्या फांद्यांवरचे दर रीतीप्रमाणे गुणायचे किंवा मिळवायचे, की सबंध व्यवस्था निकामी होण्याची संभाव्यता हाती येते. ती पुरेशी लहान असेल तर व्यवस्था सुरक्षित मानायची आणि उरलेला धोका समाजाने समजून उमजून पत्करायचा. विमाने आणि अणुभट्ट्या याच हिशेबाने सुधारत गेल्या. हा हिशेब नको म्हणणाऱ्यापुढे मग दोनच वाटा उरतात, भीती किंवा दैव. दोन्हीपेक्षा आकडा बरा.

आकडा बरा, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप तो आकडा कशाबद्दल बोलतो याविषयी आहे. पूर्वपक्ष त्याला यंत्राचा गुणधर्म समजतो, जणू एसीचे वजन जसे ठराविक किलो तशी त्याची पेटण्याची संभाव्यता ठराविक लाखांत एक. मी म्हणतो, तो आकडा यंत्र आणि त्याच्याविषयीचे आपले ज्ञान या दोहोंचा मिळून बनलेला असतो. ज्ञान तोकडे असेल तर आकडा कितीही लहान दिसो, त्या लहानपणाला आधार नाही.

सुरुवात सगळ्यांत लोकप्रिय पुराव्यापासून करू. ‘दहा वर्षे झाली, इथे कधी ठिणगीसुद्धा उडाली नाही.’ या दहा वर्षांच्या शून्यातून नेमके काय सिद्ध होते? संख्याशास्त्रात याला एक सोपा ठोकताळा आहे. एकही घटना घडली नसेल तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की वार्षिक दर ‘तीन भागिले पाहिलेली वर्षे’ याहून कमी असावा. दहा वर्षांचे शून्य म्हणजे वर्षाला ०.३ हून कमी. साडेतीन वर्षांत एकदा आग लागण्याइतका वाईट दरसुद्धा या शून्याने बाद होत नाही. तीनशे रुग्णालयांची दहा-दहा वर्षे एकत्र केली तरी दावा हजारात एकपर्यंतच पोचतो. दहा हजारांत एक म्हणायचे असेल तर तीस हजार रुग्णालय-वर्षे निर्वेध गेलेली दाखवावी लागतील, तीही एकसारख्या परिस्थितीतली.

सगळी गोम त्या ‘एकसारख्या परिस्थिती’त आहे. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी नीट पकडला होता. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती खरी, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही, कारण धुराला ओले इंधन लागते. ते ओले इंधन म्हणजे ‘उपाधी’, नियमाच्या आत दडलेली अट. अट गेली की नियमही जातो, आणि नियम सांगणाऱ्याला आपली अट सांगायची राहिली याचा पत्ताही नसतो. ‘हा एसी दहा वर्षे पेटला नाही’ या विधानातली उपाधी अशी, की ती दहा वर्षे सामान्य वॉर्डची होती, कोविडच्या अतिदक्षता विभागाची नव्हती.

महाराष्ट्राने हा धडा एकदा मोठी किंमत देऊन घेतला आहे. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित अशी त्या काळातली शास्त्रीय समजूत होती आणि जुन्या नोंदी तिला पुष्टी देत होत्या. कोयना धरणाच्या रचनेत भूकंपाचे बळ गुरुत्वत्वरणाच्या ५ टक्के धरले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि धरणातल्याच यंत्रावर गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मा धक्का नोंदला गेला. भिंतीला तडे गेले, पण धरण उभे राहिले. जुन्या नोंदी खोट्या नव्हत्या. त्या ज्या खोऱ्याच्या होत्या तिथे जलाशय नव्हता. धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि उपाधी बदलली.

आता वाडीच्या खोलीकडे येऊ. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो साडेतेवीसच्या वर गेला की अग्निशास्त्रात त्या जागेला ऑक्सिजनने समृद्ध मानतात. तिथे ठिणगी सहज धरते आणि ज्वाळा झपाट्याने पसरते. कोविडमध्ये नाकावाटे उच्च प्रवाहाने ऑक्सिजन देताना एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू जातो आणि त्यातला बहुतांश परत खोलीत येतो. समजा, ३०० घनमीटरच्या बंद खोलीत असे दहा रुग्ण आहेत. मिनिटाला ६०० लिटर, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. बाहेरची हवा मुळीच आत आली नाही तर साडेतेवीसचा टप्पा ओलांडायला पाव तास लागतो आणि तासाभरात पातळी तिशीच्या घरात जाते. हे टोकाचे गणित आहे, कोणत्याही एका रुग्णालयाचे मोजमाप नव्हे. खऱ्या खोलीत दारे उघडतात, फटी असतात, सगळेच रुग्ण उच्च प्रवाहावर नसतात. पण भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. नागपूरच्या एप्रिलात, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, खिडक्या मिटून तो चोवीस तास चालतो. जुनी वायरिंग, वाढवलेल्या खाटा, प्रत्येक खाटेला दोन-चार जादा उपकरणे, सॅनिटायझरचे कॅन, फोमच्या गाद्या, हे सगळे त्याच खोलीत. अशा वेळी ‘एसी पेटण्याचा दर’ जुन्या वहीतून उचलणे म्हणजे जलाशय विसरून कोयनेचा भूकंप मोजणे होय.

पूर्वपक्षाचा सगळ्यांत मोठा आधार गुणाकाराचा आहे, आणि माझ्या मते मोठी चूकही तिथेच होते. धूर सांगणारे यंत्र, आग विझवायची साधने आणि बाहेर पडायची वाट अशा तीन संरक्षक फळ्या आहेत असे धरू. प्रत्येक फळी पन्नासात एकदा ऐनवेळी फसते असेही धरू. तिन्ही एकदम फसण्याची संभाव्यता पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वालाखात एक. अहवालात हा आकडा देखणा दिसतो. पण या गुणाकाराला एक अट आहे. एका फळीचे फसणे दुसरीला ठाऊक असता कामा नये. आता एवढेच बदलू, की पहिली फळी ज्या कारणांनी फसते त्यांतली दहात एक कारणे तिन्ही फळ्यांना एकदम पाडणारी आहेत. रात्रीची वेळ, एकटी परिचारिका, बंद झालेली वीज, अंगावर पीपीई किट, व्हेंटिलेटरमुळे हलता न येणारा रुग्ण. पन्नासात एकचा दहावा भाग म्हणजे पाचशेत एक. सव्वालाख आणि पाचशे यांत अडीचशे पटींचा फरक पडला, आणि तो एका भागाचाही दर्जा न घसरता, फक्त ‘स्वतंत्र’ या गृहीतकाला धक्का लागून पडला.

ही सामाईक कारणे कागदावर सुचलेली नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी एक कामगार हवेची गळती शोधण्यासाठी मेणबत्ती वापरत होता. तिच्यामुळे फोमला आग लागली. एकमेकींच्या बदली म्हणून ठेवलेल्या सुरक्षा यंत्रणांच्या केबल त्याच वाटेने गेल्या होत्या. पहिल्या भट्टीच्या आणीबाणीच्या शीतन यंत्रणा त्या एका मेणबत्तीने निकामी केल्या. दोषवृक्षावर त्या वेगवेगळ्या फांद्यांवर होत्या, भिंतीत एकाच पन्हाळीत होत्या. आपल्याकडे नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी, वाडीनंतर बाराव्या दिवशी, आवारातल्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली आणि दाब उतरला. त्या दिवशी बावीस रुग्ण गेले. प्रत्येक खाटेला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळा मास्क होता, पण श्वास सगळ्यांचा एकाच टाकीवर टांगलेला होता.

आणि आता त्या वर्षाची यादी सलग वाचा. ९ जानेवारी, भंडारा जिल्हा रुग्णालयाचा नवजात शिशु कक्ष, दहा बालके. मार्चच्या अखेरीस मुंबईत भांडुपला, मॉलच्या इमारतीतले कोविड रुग्णालय. ९ एप्रिल, वाडी. २३ एप्रिल, विरार, पुन्हा अतिदक्षता विभाग, पुन्हा दुसरा मजला, पुन्हा एसी, तेरा रुग्ण. २८ एप्रिल, मुंब्रा, चार. ६ नोव्हेंबर, अहमदनगरचे जिल्हा रुग्णालय, अकरा. एका राज्यात, एका वर्षात, रुग्णालयांच्या सहा जीवघेण्या आगी. दर वेळी ‘दुर्मीळ’ हा शब्द सहाही ठिकाणी सुटा सुटा वापरला गेला. सहा दुर्मीळ घटना ओळीने घडतात तेव्हा संशय नशिबावर घ्यायचा की आकड्यावर? सगळ्या रुग्णालयांना एकच उपाधी व्यापून असेल तर त्यांचा खरा दर एकत्रच वर चढतो. मग अपघात विखुरलेले न येता झुंडीने येतात, आणि एकेका झुंडीला योगायोग म्हणण्याची सवय लागली की दर चढला हे कळतच नाही.

शिवाय हे वाडीच्या आधी कळायला जागा होती. अहमदाबादच्या कोविड अतिदक्षता विभागातल्या आगीत ६ ऑगस्ट २०२० रोजी आठ रुग्ण गेले होते. नोव्हेंबरात राजकोटला तेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन १८ डिसेंबर २०२० ला राज्यांना कोविड रुग्णालयांचे अग्निपरीक्षण करण्याचे आदेश दिले. संभाव्यता ही ज्ञानाची मोजणी असेल तर नवा पुरावा आला त्या दिवशी ती बदलली पाहिजे. बेझच्या सूत्राचा सगळा अर्थ एवढाच आहे. अहमदाबादनंतर, राजकोटनंतर, भंडाऱ्यानंतर, भांडुपनंतर वाडीच्या त्या खोलीचा आकडा चार वेळा वर जायला हवा होता. आकडा यंत्राचा जन्मजात गुण मानला की तो कुठल्याही बातमीने हलत नाही. हा माझा या मतावरचा सर्वांत गंभीर आरोप आहे. पुराव्याला बहिरा राहणारा आकडा पुराव्याच्या नावाने मिरवला जातो.

यावर जाणकार पूर्वपक्षी म्हणेल, की आम्हीही एकच आकडा देत नाही, मर्यादा देतो. देतात, पण निर्णय घेताना मधला आकडा उचलतात. समजा, उत्तम अंदाज हजारात एक आहे आणि खरे मूल्य दहा हजारांत एक ते शंभरात एक यांच्या दरम्यान असेल असे नव्वद टक्के वाटते. अशा अंदाजासाठी रूढ असलेले लॉग-नॉर्मल वितरण वापरले तर सरासरी हजारात एक येत नाही, सुमारे पावणेचारशेत एक येते. अज्ञान दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले दिसत असले तरी वाईट बाजूचे वजन भारी पडते. न कळण्यानेच धोका जवळपास पावणेतीन पट झाला. यंत्र तेच राहिले. अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांच्या धोक्याचा रासमुसेन अहवाल १९७५ मध्ये आला, आणि त्याची तपासणी करणाऱ्या लुईस समितीने १९७८ मध्ये नेमका हाच ठपका ठेवला. पद्धत उपयोगी आहे, पण अनिश्चितता फार कमी करून सांगितली आहे. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १९७९ ला, थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात घडला.

मग करायचे काय? इथे मला पूर्वपक्षाच्या एका आक्षेपाशी प्रामाणिकपणे थांबले पाहिजे, कारण तो एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात राहिलेल्या प्रत्येकाच्या काळजाला भिडेल. खाटा नव्हत्या. माणसे रुग्णालयाच्या दारात दगावत होती. त्या दिवसांत खोलीतल्या दोन खाटा कमी करा म्हणणे म्हणजे दोन माणसांना बाहेर ठेवणे. एका बाजूला अनिश्चित आग, दुसऱ्या बाजूला निश्चित मृत्यू. आकड्याशिवाय निवड कशी करणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर आकडा फेकून देऊन मिळत नाही. पण तुलना करायची तर तराजूची दोन्ही पारडी खरी हवीत. सव्वालाखात एकशी तुलना केली तर खाट नेहमीच जिंकेल आणि दाराला, पंख्याला, माणसाला कधीच पैसा मिळणार नाही. पाचशेत एकशी तुलना केली तर खाटाही राहतील, पण हवा बाहेर फेकणारा पंखा लगेच लागेल, ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह रात्रपाळीच्या माणसाच्या हाताशी येईल, आणि एसीची तपासणी दर आठवड्याला होईल. यातल्या कशानेही एकही खाट कमी होत नाही.

आकड्यावर भरवसा नसेल तेव्हा आणखी एक वाट आहे, आणि ती नागपूरला नवी नाही. देशभरच्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय वाडीपासून काही किलोमीटरवर, सेमिनरी हिल्सवर आहे. अंबाझरीची आयुध निर्माणी वाडीलगतच आहे. स्फोटके साठवण्याच्या नियमांत सुरक्षित अंतराचे तक्ते असतात. इतका साठा असेल तर दुसरी इमारत, रस्ता, वस्ती इतक्या मीटरवर. धक्क्याचा जोर साठ्याच्या घनमुळाच्या हिशेबाने दूरवर जातो, म्हणून साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट लागते. या तक्त्यात स्फोट होण्याची शक्यता किती, हा स्तंभच नाही. तो होईल असे धरले आहे. प्रश्न एवढाच विचारला आहे, की झाला तर तो तिथेच थांबेल का. अंतर शेडच्या आतल्या माणसाला वाचवत नाही, म्हणून एका शेडमध्ये किती माणसे असावीत यावरही मर्यादा असते. याच अमरावती रोडवर बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला झालेल्या स्फोटात नऊ कामगार गेले. तेव्हा ही वाट पुरेशी आहे असे माझे म्हणणे नाही. पण ती आपले अज्ञान कबूल करून आखलेली आहे, आणि रुग्णालयांच्या बाबतीत आपण ती धरलेली नाही.

भंडाऱ्याचेच पाहा. त्या शिशु कक्षाचे दोन भाग होते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा एक, बाहेरून आणलेल्या बाळांचा दुसरा. एका भागातली दहा बाळे गेली, दुसऱ्या भागातली सात वाचवता आली. ती विभागणी संसर्ग टाळण्यासाठी केलेली होती, आगीचा विचार तीत नव्हता. वाडीतही आग दुसऱ्या मजल्यापुरती राहिली, म्हणून इतर सत्तावीस जण बाहेर येऊ शकले. बाळांना ऊब देणारा कोणता वॉर्मर किंवा कोणता एसी पेटेल याचा अंदाज कोणत्याच दोषवृक्षाला बांधता आला नसता. पेटल्यावर एका खोलीत किती जीव सापडतील हे मात्र नकाशावरून आदल्या दिवशी सांगता आले असते. त्याला संभाव्यता लागत नाही, खाटा मोजाव्या लागतात. अतिदक्षता विभाग दोन बंद खोल्यांत विभागायचा, मध्ये आग काही काळ अडवणारे दार ठेवायचे, आणि रुग्णाला जिन्याने खाली नेण्याऐवजी त्याच मजल्यावर शेजारच्या खोलीत चाकाच्या खाटेसह सरकवायचे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला याहून जवळचा रस्ता नाही.

आकड्याची जागा तरीही राहते. वीस रुग्णालयांपैकी आधी कुठे पैसा घालायचा, कोणती वायरिंग आधी बदलायची, हा क्रम लावायला त्याच्यासारखे साधन नाही. क्रम लावताना सगळ्यांना सारखीच चूक लागू असेल तर ती बरीचशी आपोआप निघून जाते. ‘सुरक्षित आहे’ असा शिक्का मारायला तोच आकडा वापरला, की ती चूक पूर्णपणे रुग्णाच्या अंगावर येते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून ‘नमुना ब’ घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. इमारतीतली अग्निसुरक्षा साधने चालू स्थितीत आहेत, असे तो सांगतो. ते विधान त्या तपासणीच्या दिवसाचे असते. जानेवारी ते जुलै यांच्या मध्ये सामान्य वॉर्डचा कोविड वॉर्ड झाला, तर नमुन्यात काहीच बदलत नाही. माझी मागणी या नमुन्यात चार ओळी वाढवण्याची आहे. एका बंद खोलीत जास्तीत जास्त किती रुग्ण आहेत. वीज गेली आणि धूर भरला तर कोणकोणती साधने एकदम बंद पडतील. हे प्रमाणपत्र कोणत्या वापरासाठी आणि किती खाटांसाठी खरे आहे, आणि तो वापर बदलला तर ते त्याच दिवशी रद्द होईल. आणि शेवटची, राज्यात अशाच प्रकारची शेवटची आग कधी व कुठे लागली, आणि तिच्यानंतर इथे काय बदलले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. या ओळी कशा तपासायच्या हे तिथे शिकवता येईल. पहिली ओळ भरायला तर कुणा तज्ज्ञाचीही गरज नाही. वॉर्डातल्या परिचारिकेला तो आकडा दर पाळीला तोंडपाठ असतो.